नोंद : साधा कॉल

निवृत्ती बाबर यांचा कॉल अकरा सेकंदांचा आहे. तो मी किती वेळा ऐकला हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. त्यात आरडाओरडा नाही. मागे पंख्यांची घरघर आहे, मध्ये एकदा खोकला आहे, आणि त्यावर तासगावकडचा एक शांत, अदबशीर आवाज आहे. "हॅलो, बाबर बोलतोय, चार नंबरमधनं. जरा अमोनियाचा वास यायलाय. कोण मोकळं असलं तर पाठवता का? घाई न्हाई तशी, पर लवकर आलं तर बरं हुईल."

'सावध-चार' नावाच्या यंत्रानं हे ऐकून घेतलं आणि नोंद केली : साधा कॉल. मग त्यानं बाबरांना सांगितलं की कार्यालय मोकळं होताच आपल्याशी संपर्क साधला जाईल. बाबर "बरं बरं" म्हणाले. तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

ते यंत्र बनवणारे दुसरे होते. पण ते सुरक्षित आहे, खुशाल लाइनला जोडा, असं प्रमाणपत्र देणारी मी. विभावरी चौगुले, वरिष्ठ चाचणी अधिकारी, मिरज केंद्र. प्रमाणपत्रावर सही माझी आहे, आणि चांगली ठसठशीत आहे.

माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगत, सून टेलिफोन दुरुस्त करते. खरं तर मी टेलिफोन बिघडवते. कारखाने, हॉटेलं, गोदामं यांच्या आतले फोन बाहेरच्या लाइनला जोडणारी एक्स्चेंज यंत्रं बाजारात जायच्या आधी आमच्याकडे येतात, आणि मी त्यांच्यावर विजेचे तडाखे सोडते. बाहेर वीज कोसळली तर ती तारेतून बोलणाऱ्याच्या कानापर्यंत येता कामा नये. कारखान्यातला प्रवाह उलटा बाहेर जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला लागता कामा नये. म्हणजे मध्ये अशी एक भिंत हवी, की तिच्यातून आवाज जाईल पण वीज जाणार नाही. वीस वर्षं मी ती भिंत तपासली. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही यंत्रानं कुणाला झटका दिलेला नाही, आणि याचा मला गरजेपेक्षा थोडा जास्तच अभिमान होता.

मग नकली कॉल आले. संगणकानं तयार केलेले आवाज कारखान्या-हॉटेलांच्या एक्स्चेंजमध्ये शिरून तिथून आपत्कालीन सेवेला रात्रंदिवस फोन करू लागले. आग लागली, गाडी उलटली, पोर विहिरीत पडलं, आणि सगळं धादांत खोटं. अग्निशामक गाड्या मोकळ्या माळावर जाऊन परत यायला लागल्या. एकदा तर खरी आग पेटलेली असताना गाडी खोट्या आगीकडे गेलेली होती. तेव्हा २०३३ साली नवा नियम निघाला : व्यावसायिक ठिकाणच्या प्रत्येक एक्स्चेंजनं कॉल पुढे सोडण्याआधी तो पारखून घ्यायचा.

पारखायचा कसा? शब्दांवरून नाही, कारण शब्द नकली आवाजांना अगदी बिनचूक येत होते. म्हणून सावध-चार शब्द विचारातच घेत नाही. ते माणसाचं शरीर ऐकतं. माणूस घाबरला की घशातले स्नायू आवळतात, आवाजाची पट्टी चढते, श्वास तोकडे होतात, आणि सुरात सेकंदाला आठ-दहा वेळा एक बारीक थरथर येते. ही थरथर नकली आवाजांना जमत नव्हती. सावध-चार ती दोन सेकंदांत शोधतं. सापडली तर संकट, आणि कॉल त्याच क्षणी मॅनेजरला आणि आपत्कालीन सेवेला. नाही सापडली तर साधा कॉल, निरोप ठेवा. कल्पना हुशारीची होती. मला ती अजूनही हुशारीची वाटते, हेच तर वाईट आहे.

आता हे यंत्र तपासायचं म्हणजे त्याला संकटातली माणसं ऐकवायला हवीत. नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं : तीनशे वेगवेगळी साधी माणसं, खऱ्या प्रसंगातून गेलेली, आणि त्या वेळी जसं बोलली तसंच आठवून बोललेली. म्हणजे मी जळीत वॉर्डात जायचं, अपघातातून उठलेल्यांच्या घरी जायचं, त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवायचा आणि म्हणायचं, तो दिवस पुन्हा आठवा. मी दोन घरी गेले. दुसऱ्या घरी एक बाई बोलता बोलता गप्प झाली आणि मला चहा घ्या म्हणाली. मला ते झेपेना. त्यात द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलेला, कोल्ड स्टोरेजवाल्यांना यंत्रं हवी होती, आणि आमचे साहेब रोज दारातून विचारत, "चौगुले, झालं का?"

वाट काढली ती अवधूतनं. अवधूत माझा नवरा. पोटासाठी बँकेत जातो आणि जगतो नाटकासाठी. त्याची हौशी मंडळी दरवर्षी राज्य नाट्यस्पर्धेत उतरतात आणि दरवर्षी प्रकाशयोजनेचं दुसरं बक्षीस घेऊन येतात. "विभा, तुला किंकाळ्याच हव्यात ना?" तो म्हणाला. "आमच्याइतक्या किंकाळ्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाहीत."

एका रविवारी तालमीच्या हॉलवर आम्ही जमलो. बावीस नट, प्रत्येकाचे चौदा आवाज. म्हातारा, पोर, गावची बाई, शहरचा साहेब. "वाचवा", "आग", "मेलो मेलो". गोगटेकाकूंनी अशी किंकाळी फोडली की शेजारच्या पिठाच्या गिरणीतला माणूस धावत आला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मिसळ आली. तीनशे आठ आवाज एका दिवसात झाले. कागदावर तीनशे आठ माणसं लागत होती, म्हणून अवधूतनं जुन्या नाटकांतल्या पात्रांची नावं घालून यादी केली, वयं घातली, गावं घातली. आम्ही दोघं ती यादी करताना पोट दुखेस्तोवर हसलो होतो.

यंत्रानं तीनशे आठपैकी तीनशे तीन आवाज ओळखले. का नाही ओळखणार? कंपनीनं त्याला शिकवलं होतं तेही नटांच्याच आवाजांवर. नटांनी शिकवलं, नटांनी तपासलं, आणि मी सही केली. साहेबांनी पेढे वाटले. वर्षभरात सावध-चार अकराशे चाळीस ठिकाणी लाइनला जोडलं गेलं.

बाबर ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होते, तिथे बेदाणा ठेवतात. भिंती इतक्या जाड की आत मोबाइलला रेंज नाही, म्हणून भिंतीवरचा फोन हाच काय तो आधार. दुपारी दीडला चार नंबरच्या खोलीजवळ अमोनियाच्या, म्हणजे खोल्या गार ठेवणाऱ्या विषारी वायूच्या, पाइपचा जोड सुटला. बाबरांनी फोन केला. ऑफिस जेवायला गेलेलं होतं. संकटाचा कॉल असता तर मॅनेजरच्या हातातला घास तिथेच राहिला असता. साध्या कॉलला सतरा मिनिटं लागली. तेवढ्यात बाबरांनी बेदाणा निवडणाऱ्या नऊ बायकांना बाहेर काढलं, आणि मग व्हॉल्व्ह बंद करायला ते एकटेच परत आत गेले.

बायका सगळ्या वाचल्या. बाबरही वाचले. त्यांचा एक डोळा गेला, फुप्फुसं भाजली, आणि आवाज चिरका झाला.

चौकशी सुरू झाली तशी कॉलची प्रत माझ्याकडे आली, यंत्र नियमाप्रमाणे चाललं का ते बघायला. यंत्र नियमाप्रमाणेच चाललं होतं. आवाजात थरथर नव्हती, पट्टी खालची होती, श्वास सावकाश होते. मी तसा अहवाल दिला. अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यावरून चौकशी समितीनं आपला मसुदा केला : 'वापरकर्त्याने संकटाची तीव्रता आवाजातून पुरेशी व्यक्त केली नाही.' म्हणजे चूक बाबरांची.

कंपनीनं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. सगळ्या ग्राहकांना पत्र गेलं, की कामगारांना संकटात कसं बोलावं याचं प्रशिक्षण द्यावं. आणि ते द्यायला त्यांना नट हवे होते.

"मी हो म्हटलंय," अवधूतनं सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"तुला लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणूनच. निदान पुढच्या माणसाचा जीव तरी वाचेल." त्यानं कप माझ्यापुढे ठेवला. "तू समितीला सांगणार आहेस का?"

मी कप बाजूला सरकवला.

"सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल, ते एक. पण त्या यादीतल्या खोट्या नावांपुढे बावीस जणांनी सह्या केल्यात, विभा. गोगटेकाकूंचं वय बहात्तर आहे. त्यांना वाटलं, आपण नाटक करतोय."

"आणि बाबरांना काय वाटलं असेल?"

"मला काय विचारतेस?" तो चिडून म्हणाला. "सही माझी आहे का?" मग लगेच त्याचाच चेहरा उतरला. आम्ही दोघांनी तो चहा तसाच ओतून दिला.

प्रशिक्षणाला मीही गेले. तेच कोल्ड स्टोरेज, बाहेरच्या अंगणात मांडव घातलेला. साठेक कामगार, त्यात निवडणीच्या बायका. अवधूत पुढे उभा राहून शिकवत होता, "गळ्यातून नाही, पोटातून आवाज काढा! भीती दिसली पाहिजे!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीला पुढे बोलावलं तर ती "आग बाई" एवढंच म्हणून पळाली. आपल्याकडे मोठ्यानं ओरडायला माणसाला लाज वाटते, विशेषतः साहेबाच्या ऑफिसात फोन करताना. हे मला माहीत नव्हतं का? मी स्वतः कधी दवाखान्यात फोन केला तर आधी "त्रास देतेय हं" म्हणते.

पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून एक माणूस बसला होता. शेजारी त्याची बायको, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. तो उठला.

"मला शिकवा की सर," तो चिरक्या आवाजात म्हणाला. "माज्याच चुकीनं झालं हे. मला नीट बोलता आलं न्हाई. बाकीच्यांनी तरी बघावं."

अवधूतला तो कोण ते कळायला क्षणभर लागला. तेवढ्यात बाबरांनी छाती भरून घेतली आणि ओरडायचा प्रयत्न केला. आवाज निघालाच नाही. खोकल्याची उबळ आली आणि ते वाकून खुर्चीला धरून राहिले. त्यांच्या बायकोनं, मालनताईंनी, पाणी पाजलं. मांडवातलं हसणं थांबलं होतं. अवधूतनं माइक खाली ठेवला आणि "आज एवढंच" म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

मी बाबरांजवळ गेले, मी कोण ते सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं, चाचणी केंद्रातून आलेय एवढं. मग विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्हाला भीती वाटली नाही?"

"आवं, वाटली न्हाई तर!" ते म्हणाले. "पाय लटपटत हुतं. पर माज्या मागं नऊ बायका हुत्या मॅडम, आन् दार एकच, हे एवढं. मी फोनवर वरडलो असतो, तर सगळ्या दारावर पडल्या असत्या, एकमेकीखाली चेंगरून मेल्या असत्या. म्हनून मुद्दाम हळू बोललो. म्हटलं, शब्दात सांगतोय की अमोनिया, कळंल ऐकनाऱ्याला." मग ते म्हणाले, "पर चुकलंच माजं."

ऐकणारा शब्द ऐकतच नव्हता, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. वीस वर्षं मी आवाज जाईल आणि वीज जाणार नाही अशी भिंत तपासली, आणि एकदाच अशी भिंत पास केली जिच्यातून माणसाचा आवाज गेला नाही. त्या माणसानं नऊ जीव वाचवायला आपली भीती गिळली होती, आणि मी दिलेल्या प्रमाणपत्रानं त्याला 'साधा कॉल' ठरवलं होतं. मला तिथेच सगळं सांगायला हवं होतं. मी "काळजी घ्या" म्हणाले आणि निघाले. याची लाज मला यादीपेक्षाही जास्त वाटते.

चार दिवसांनी अंतिम सुनावणी होती. अवधूतशी त्या चार दिवसांत मी धड बोलले नव्हते. सकाळी एवढंच सांगितलं, "मी आज सांगणार आहे." त्यानं बँकेची बॅग उचलली आणि तो निघून गेला.

अध्यक्षबाईंनी मसुदा वाचायला घेतला. 'वापरकर्त्याने संकटाची तीव्रता' इथवर आल्या आणि मी उभी राहिले. बाबर आणि मालनताई डाव्या बाजूच्या बाकावर होते.

"ते वाक्य काढा मॅडम," मी म्हणाले. "चाचणीतले आवाज खोटे आहेत. तीनशे आठ माणसं नाहीत, बावीस आहेत. सगळे नट. नावं आम्ही घरी बसून रचली. संकटातला खरा माणूस कसा बोलतो हे त्या यंत्राला कधी ऐकवलंच नाही. ऐकवणं माझं काम होतं."

सभागृहात कुजबूज झाली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग आत्तापर्यंत का बोलला नाहीत?"

"भीती वाटली." मी सगळंच सांगायचं ठरवलं होतं, म्हणून पुढचंही सांगितलं. "नोकरीची वाटली, पण तेवढीच नाही. सगळे मला काटेकोर बाई समजतात. ते जाईल म्हणून."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. अवधूत आलेला होता, मला माहीत नव्हतं. "त्यातले चौदा आवाज माझे आहेत," तो उभा राहून म्हणाला, "आणि यादीतली सगळी नावं मी काढलीत. इतरांना मीच बोलावलं होतं. त्यांना कशासाठी ते माहीत नव्हतं." त्याचा आवाज कापत होता. नाटकात तो इतका वाईट कधी बोलला नसेल.

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. माझ्या निलंबनाचं पत्र संध्याकाळपर्यंत निघेल म्हणाल्या. यंत्रं काढायचा आदेश मात्र वरच्या सहीनं निघतो, त्याला सोमवार उजाडेल. तो गुरुवार होता.

बाहेर व्हरांड्यात बाबर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. चष्म्यामुळे ते कुठे बघतायत ते कळत नव्हतं.

"म्हंजे मॅडम, मी बरोबर बोललो हुतो?"

"हो काका. तुम्ही अगदी बरोबर बोलला होता."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "मग बरं झालं," म्हणाले. "पर तुमचं वो नुस्कान झालं."

मला रडू फुटलं. आता हा माणूस मला माफ करणार, आणि मला ते हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं. मालनताईंनी ते ओळखलं असावं. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"रडून काय हुतंय?" त्या म्हणाल्या. "अजून किती जागी हाय ती पेटी?"

"अकराशे एकोणचाळीस. तुमच्याकडची काढलीय."

"आन् सोमवारपातुर तशीच?"

"आदेश निघेपर्यंत... म्हणजे, प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला धोका दिसला तर तो थेट त्या ठिकाणी कळवू शकतो. लाइनवरून काढायला सांगू शकतो. निलंबनाचं पत्र येईपर्यंत मला तो अधिकार आहे."

"मग हितं काय बसलाय?" मालनताई म्हणाल्या. "लावा की फोन."

अवधूतनं माझ्या पिशवीतली, यंत्रं जोडलेल्या ठिकाणांची यादी उघडली. पहिलं नाव एका रंगाच्या कारखान्याचं होतं, कामगार दोनशे. मी नंबर लावला. तिकडे अर्थातच सावध-चारनं उचललं, आत येणारे कॉलही तेच पारखतं. मी माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, प्रमाणपत्राचा क्रमांक सांगितला, आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तुमचं एक्स्चेंज यंत्र असुरक्षित आहे. त्यानं माणसाचा जीव जाऊ शकतो. ते ताबडतोब लाइनवरून काढा."

"आपला निरोप नोंदवला आहे," यंत्र म्हणालं. "कार्यालय मोकळं होताच आपल्याशी संपर्क साधला जाईल."

मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. अवधूत माझ्याकडे बघत होता. मला काय करावं लागणार ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. व्हरांड्यात पन्नासेक माणसं होती, शिपाई होते, वकील होते. बाकावर बाबर बसले होते. त्यांच्यासमोर तरी नको, असं मला वाटलं. पण दुसरा इलाज नव्हता.

तिसऱ्यांदा फोन लावला, डोळे मिटले आणि गळा फाडून ओरडले, "वाचवा! वाचवा हो, कुणीतरी या!"

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. दोन सेकंद गेले, आणि एक घाबरलेला, जिवंत माणूस फोनवर आला. "हॅलो! हॅलो! कोण बोलतंय? काय झालंय?"

"काही झालेलं नाही," मी म्हणाले. "अजून तरी नाही. ते यंत्र लाइनवरून काढा."